पालथा मार्शल

नवरा: कोण पडलं?

बायको: थांबा, वाचू द्या. टीव्हीवर खाली मराठी अक्षरं नुसती पळताहेत.

नवरा: अगं, दोन गोळ्या सुटल्या, कोणीतरी धप्पकन पडलं. मी पालथा आहे, बहिरा नाही.

बायको: घोडा पडला.

नवरा: कुणाचा?

बायको: मार्शलचा.

नवरा: पांढरा?

बायको: मार्शलला दुसरा होता का?

नवरा: सतराव्या भागातच मेला? अगं, अजून नऊ भाग आहेत!

बायको: ते त्याला कुठे ठाऊक? जनावर ते.

नवरा: मग या टापा कुणाच्या वाजताहेत?

बायको: त्याला ओढून न्यायला दुसरे घोडे आलेत.

नवरा: आणि मार्शल? रडतोय?

बायको: जांभई देतोय.

नवरा: दुःखानेही माणूस आ वासतो कधीकधी. नीट बघ.

बायको: नीटच बघतेय. चांगली ऐसपैस जांभई. आता काडीने दात कोरतोय.

नवरा: मला नाही असलं काही आठवत.

बायको: असं कसं? तुम्ही तर चाळीस वर्षांपूर्वी सगळे भाग शेवटपर्यंत बघितलेत. मी आत चहा करत होते, तुम्ही इथे टीव्हीसमोर होता.

नवरा: बघितलेत ना. पण चाळीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली?

बायको: मग सतराव्याचा शेवट काय होता, सांगा बरं.

नवरा: हाच की. घोडा मरतो.

बायको: झालं तर मग. तुमचं नि माझं जुळलं.

नवरा: बिचारा पांढरा. अगं, मान अवघडली. या दोन उशांच्या फटीत तोंड घालून किती दिवस झाले?

बायको: तेरा. अजून आठ. ऑपरेशन करून डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडलाय. तो डोळ्याच्या आतल्या पडद्याला टेकून राहायला पाहिजे. मान वळवलीत की तो सरकला, आणि तो सरकला की डोळा गेला. डावा तर लेथवरच्या लोखंडी किसाने आधीच नेलाय. तेव्हा पडा गुपचूप.

नणंद: दार सताड उघडं! चोर आले तर हा पालथा माणूस खाटेसकट उचलून नेतील. काय रे, कसा आहेस?

नवरा: ताई, पांढरा गेला.

नणंद: कोण पांढरा? वरच्या मजल्यावरचे आजोबा? आत्ता तर जिन्यात भेटले.

नवरा: घोडा गं. टीव्हीतला. मार्शलचा.

नणंद: हा समोर दिसतोय तो? अरे, हा तर चांगला—

बायको: वन्सं, चष्मा पुसून घ्या.

नणंद: पुसलेलाच आहे. तो तिकडे गवत—

नवरा: गवत काय? ताई, गवत काय?

बायको: गवताने झाकताहेत त्याला. तिकडे तशी रीत आहे. वन्सं, तुम्ही आत या, चहा टाकते.

(स्वयंपाकघर. नळ मुद्दाम सोडून ठेवलेला, म्हणजे आतलं बाहेर जाणार नाही.)

नणंद: तो घोडा गवत खात होता.

बायको: खाऊ दे. भूक लागली असेल.

नणंद: तू त्या आंधळ्या-पालथ्या माणसाला खोटं सांगतेस?

बायको: सांगते. गेल्या आठवड्यात मार्शलला कोंबडी चावली, तेव्हापासून तो पिसाला घाबरतो. परवा त्याने छातीवरचा बिल्ला न्हाव्याला देऊन दाढी करून घेतली. उद्या तो दरोडेखोराच्या मावशीकडे कपडे धुवायला राहणार आहे. अजून पक्कं नाही, पण माझ्या डोक्यात घोळतंय.

नणंद: अगं, त्या मार्शलवर जीव आहे त्याचा! कारखान्यात कमरेच्या पट्ट्यात अंगठे खोचून चालायचा. सगळे यालाच मार्शल म्हणायचे.

बायको: म्हणून तर. दुसऱ्या कोणाला कोंबडी चावून काय उपयोग?

नणंद: तुझं काय बिघडवलं त्याने?

बायको: आमच्याकडचे रविवार आठवतात तुम्हाला?

नणंद: पत्त्यांचा अड्डा. आठवतो की. खोलीत धूर, आणि सगळ्यात मोठा आवाज याचा.

बायको: चौघं पत्ते कुटायला बसायचे. मालिका लागली की मी हात पुसून दारापाशी टेकायचे. तेवढा एक तास माझा. पण निम्म्यावर जाहिराती लागल्या की यांचा हात वर. चहा! चार कप, एकच स्टोव्ह, तोही फुरफुरणारा. मी ट्रे घेऊन येईपर्यंत पडद्यावर नुसती नावं सरकत असायची. सव्वीस भाग, वन्सं. एकाचाही शेवट माझ्या नजरेस पडला नाही. आत ठो ऐकू आलं की मी ओरडायचे, कोण पडलं? बाहेरून हे सांगायचे.

नणंद: मग सांगायचा तर खरा.

बायको: काय सांगायचे ते ऐका. नवव्या भागात दरोडेखोरांनी विहीर चोरली.

नणंद: विहिरीतलं पाणी?

बायको: विहीर. अख्खी. म्हणे तिकडे पिंपासारख्या लाकडी विहिरी असतात, उपटायच्या आणि गाडीवर घालून न्यायच्या.

नणंद: आणि तुला ते पटलं?

बायको: का नाही पटणार? सूतभर फरक पडला तर पुन्हा लेथवर चढवणारा माणूस. मला काय ठाऊक, कारखान्यात सूत हलू न देणारा घरी विहिरी हलवतो?

नणंद: हसू का नको, ते तरी सांग.

बायको: थांबा थोडं, हसू आपोआप जाईल. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. आमच्यातल्या नऊ जणींची रविवारी पाळी असायची, त्यांची मालिका हुकायची. सोमवारी डबा खाताना मी त्यांना गोष्ट सांगायचे. काय ऐकायच्या हो! घास हातातच राहायचा. विहीर चोरली म्हटल्यावर एकीने दुपारभर सगळे नंबर चुकीचे जोडले. डॉक्टर मागणाऱ्याला लाकडाची वखार. त्याने म्हणे पोटदुखी सांगितली आणि समोरून विचारलं, किती फूट? चार-पाच महिने मी त्यांची राणी होते, वन्सं.

नणंद: मग?

बायको: मग नऊतल्या एकीला रजा मिळाली आणि तिने एक भाग घरी बसून बघितला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, ही सांगते तसलं काहीच नसतं. बहिणीकडून आधीच्याही भागांची माहिती काढून आली होती. विहीर जागच्या जागी होती, ती कोणी चोरली नव्हती.

नणंद: अरे देवा.

बायको: झाले मी थापाडी. तेही चाललं असतं. पण त्याच महिन्यात आमचे वरचे साहेब चोरून लोकांचे फोन ऐकताना मला दिसले. कोणाच्या घरात काय बिनसलंय ते ऐकायचे आणि क्लबात मीठमसाला लावून सांगायचे. मी लेखी तक्रार केली. चौकशीला आमच्या मोठ्या बाई बसल्या. माझा कागद वाचला आणि म्हणाल्या, ही तीच ना, विहीरवाली? खोली हसली. साहेबही हसले. निकाल काय, तर हिला फोनवर वेळ सांगायच्या खिडकीवर बसवा. घड्याळासमोर थाप मारता येत नाही. अकरा वर्षं, वन्सं. आठ वाजून बारा मिनिटं. आठ वाजून तेरा मिनिटं.

नणंद: याला सांगितलं नाहीस?

बायको: त्याच संध्याकाळी सांगितलं. पत्ते पिसता पिसता म्हणाले, ती तुझी मैत्रीणच झोपेत बघत असेल. आणि मी यांचं ऐकलं. सगळं एक्स्चेंज खोटं आणि माझा नवरा खरा. चाळीस वर्षं तेच धरून बसले मी.

नणंद: मग कळलं कधी?

बायको: या महिन्यात. मुलीने जुनी मालिका टीव्हीवर लावून दिली. म्हणाली, बाबा पडून आहेत, आई, तू खालची अक्षरं वाचून दाखव. आठ भाग मी इमानाने सांगितले, अक्षर इकडचं तिकडे नाही. नववा लावला. विहीर बघितली. मागे नेऊन पुन्हा लावला. विहीर तिथेच, वन्सं. वर रहाट, शेजारी एक पोरगी बादली घेऊन उभी.

नणंद: नळ बंद कर, पाणी वाया चाललंय.

बायको: तुमचा भाऊ आहे. बाहेर जाऊन सांगायचं तर सांगा.

नणंद: भाऊ आहेच. लहानपणी माझी बाहुली बंबात घातली आणि आईला सांगितलं, ती स्वतः चालत गेली. मार मी खाल्ला. कपडे धुवायला कुणाकडे ठेवणार म्हणालीस मार्शलला?

बायको: दरोडेखोराच्या मावशीकडे.

नणंद: मावशीला मिशा असू देत.

•

नणंद: आज एकविसावा दिवस ना रे? उद्या सरळ होशील.

नवरा: हं.

नणंद: अजून शेवटचा भाग बाकी आहे म्हणे. आणि तू जेवला का नाहीस?

नवरा: मार्शल मिशाळ मावशीचे परकर वाळत घालत असताना माझ्या घशाखाली घास उतरेल?

बायको: काल इस्त्रीपण केली त्याने.

नवरा: गप्प बस. ताई, सकाळी आमच्या अड्ड्यातल्या वेल्डरचा फोन आला होता. तब्येतीची चौकशी करायला. मी त्याला सगळं सांगितलं. घोडा, कोंबडी, मावशी. मन मोकळं करावं म्हणून.

नणंद: मग?

नवरा: आधी हसला. मग हसायचा थांबला आणि माझ्या मुलीचा नंबर मागायला लागला. म्हणाला, डोळ्याबरोबर डोक्यातही बुडबुडा गेला की काय ते विचारतो. त्याची नात आणि तो मिळून हीच मालिका बघताहेत. घोडा ठणठणीत आहे म्हणे.

बायको: तो वेल्डर झोपेत बघत असेल.

नवरा: आत्तापर्यंत त्याने तिसऱ्याला सांगितलंही असेल. कारखान्यात तीस वर्षं मी बोललो की ते माप. आणि आज माझीच टिंगल!

बायको: मग तुम्ही गप्प का बसलात? सांगायचं ना ठणकावून, मी चाळीस वर्षांपूर्वी या डोळ्यांनी बघितलंय. सतराव्यात घोडा मरतो. तुम्हीच म्हणालात.

नवरा: म्हणालो. पण—

बायको: पण काय?

नवरा: ताई, तू जरा बाहेर बस.

नणंद: गुडघे दुखताहेत. बोल तू.

नवरा: मी एकही शेवट बघितलेला नाही.

बायको: मोठ्याने. उशीत बोललेलं कळत नाही.

नवरा: नाही बघितला! हातात पत्ते असताना टीव्हीकडे कोण बघतो? तू आतून ओरडायचीस, कोण पडलं, कोण पडलं. काहीतरी सांगावं लागायचं.

बायको: माहीत नाही, म्हणायचं. दोन शब्द आहेत.

नवरा: चौघांत? माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीबद्दल, माहीत नाही म्हणू? मग ते विहिरीचं सुचलं. सगळे हसले. मग दर रविवारी मीच फर्माईश घ्यायला लागलो. वेल्डर म्हणायचा, आज हिला काय सांगणार?

बायको: म्हणजे मी आत चहा उकळत होते आणि बाहेर माझ्यावर पैज.

नवरा: पैज नाही गं. गंमत.

बायको: ती गंमत मी सोमवारी नऊ जणींना वाटली. पुढचं सगळं मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. वेळ सांगायच्या खिडकीवर का बसवलं, ते आठवतंय का काही?

नवरा: आराम पडावा म्हणून बसवलं होतं ना? बसून काम.

नणंद: बसून काम! हा पालथा आहे म्हणून वाचला, नाहीतर मीच—

बायको: वन्सं, राहू द्या. मोठ्या बाई अजून आहेत. मुलीकडे राहतात, कान शाबूत आहेत. नंबर माझ्याकडे आहे. तुमच्या तोंडाने त्यांना सांगा, विहीर कुणी चोरली.

नवरा: चाळीस वर्षांनी? लोक काय म्हणतील?

बायको: नाही सांगितलंत तर शेवटचा भाग मी एकटी बघेन. आवाज बंद करून. आणि उद्या सरळ झालात तरी डॉक्टरांनी महिनाभर टीव्ही नको म्हटलंय. मी रोज नवा शेवट सांगेन. तीस दिवस. मावशीला दोन बहिणी आहेत.

नवरा: ताई, नंबर लाव.

नणंद: लावला. घे, कानाला धरते. मान हलवू नकोस.

नवरा: हॅलो? मोठ्या बाई का? मी... तुमच्या एक्स्चेंजमध्ये ती होती ना, घड्याळाच्या खिडकीवर, तिचा नवरा. नाही, आवाज असा येतोय कारण मी पालथा आहे. पालथा. डोळ्यासाठी. ते जाऊ दे. ती विहीर आठवते? हां, तीच. ती मी चोरली. म्हणजे तशी नव्हे, मी सांगितली होती तिला. सगळ्या गोष्टी मीच रचल्या. तिला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे ती साहेबांबद्दल जे बोलली ते... नाही, शेजारी बसून ती मला शिकवत नाहीये. माझी बहीण आहे शेजारी. अहो, तीही शिकवत नाहीये! पढवलेला वाटतो मी तुम्हाला? मी लेथवर तीस वर्षं... हसताय काय? अहो, हसताय काय? हॅलो? हॅलो?

नणंद: काय झालं?

नवरा: ठेवला. म्हणाली, तुमच्या बायकोची गोष्ट नेहमीसारखी छान आहे, यावेळी नवऱ्यालाही घेतलं वाटतं कामावर. ताई, मी खरं सांगत होतो! जन्मात पहिल्यांदा आपल्या तोंडाने चूक कबूल केली, आणि ती हसली!

नणंद: रडू नकोस, बुडबुडा हलेल.

नवरा: पुन्हा लाव. शपथ घेऊन सांगतो तिला. मुलीला घेऊन तिच्या घरी जातो. कागदावर लिहून देतो.

बायको: कागद मीही दिला होता.

नवरा: मग तुझं नाव कसं धुऊन निघायचं?

बायको: नाही निघायचं. त्यांना पटणार नाही, हे मला नंबर देतानाच ठाऊक होतं.

नणंद: अगं, मग फोन लावायला कशाला सांगितलास?

बायको: तुमच्या भावाला ते हसू ऐकू यावं म्हणून.

नवरा: ऐकलं.

नणंद: मी निघते बाई. भाग लावा तुमचा. मला साक्षीला बसवू नका.

बायको: वन्सं, दार ओढून घ्या. अहो, लावू का?

नवरा: लाव. पण आता खरं सांगशील ना?

बायको: दिसेल तेवढं सांगेन. कमी नाही, जास्त नाही.

नवरा: झाला सुरू?

बायको: झाला. गावाबाहेरचा रस्ता आहे.

नवरा: काहीच ऐकू येत नाही. टापा नाहीत, गोळ्या नाहीत. आवाज मोठा कर.

बायको: मोठाच आहे. बर्फ पडतोय.

नवरा: बर्फ? त्या रखरखाटात? पंचवीस भागांत साधा ढग फिरकला नाही.

बायको: आज पडतोय. मार्शल रस्त्याच्या मधोमध टोपी काढून उभा आहे. खांदे पांढरे होत चाललेत.

नवरा: मग पडण्याचा आवाज कसा नाही?

बायको: बर्फाला आवाज नसतो.

नवरा: खरंच?

बायको: मी सांगितलं. मानायचं की नाही, ते आता तुमचं तुम्ही ठरवा.